तिसरी फेरी

झेनोन गावलिक हवाई कसरतींत तीन फेऱ्या कधीच मारायचा नाही. दोन मारायचा, नाहीतर चार. विमानाचा मालक रोलिन थॅकर पहिल्या वर्षी त्याच्यावर वैतागला होता.

"अरे झेन, कार्यक्रमपत्रिकेत तीन छापलंय. लोक मोजतात बाबा!"

"मग चार छाप," झेनोन म्हणाला. "इंधन मी कमी जाळीन."

थॅकरने पुढल्या वर्षापासून चार छापलं. वैमानिकांच्या अंगात असल्या खोडी असतातच हे त्याला ठाऊक होतं. एकजण उजवा बूट आधी घालायचा, दुसरा उड्डाणाआधी मोसंबं खायचा. हा तीन टाळतो, टाळू दे.

क्राको फॉल्स हे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधलं आमचं गाव बटाट्याचं आणि कागद गिरणीचं. अर्ध्या घरांत अजून पोलिश बोलतात, आणि शुक्रवारी सगळं गाव तळलेले मासे खायला बाहेर पडतं. झेनोन इथे १९८३ साली आला तेव्हा चाळिशीचा होता. हातात एक बॅग, कातडी सुदानच्या उन्हाने करपलेली. पोलंडहून फवारणीच्या कंत्राटावर तो सुदानला कापसाच्या शेतांवर विमान उडवायला गेला होता, तेवढ्यात मागे देशात लष्करी कायदा लागला आणि हा परत गेलाच नाही. बायको दानुता दोन वर्षांनी येऊन मिळाली. मूलबाळ नव्हतं. तो गिरणीत रात्रपाळी करायचा, ती चर्चच्या स्वयंपाकघरात. पूर्वी तो हवाईदलात जेट चालवायचा हे गावात चारदोन लोकांना माहीत होतं, पण त्याच्यासमोर त्याबद्दल कोणी बोलत नसे, कारण तो विषय निघाला की तो उठून बाहेर जायचा.

१९९१ साली थॅकर गिरणीच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. खडीच्या खाणीवर पैसा कमावलेला, पोट सुटलेला, बोलका माणूस. त्याने पोलंडमधून एक जुनं लढाऊ जेट विकत घेतलं होतं. पाच लाकडी खोक्यांतून आलं होतं ते. सोबत माहितीपुस्तकांची थप्पी, आणि त्यातलं अक्षर कोणाला लागत नव्हतं.

"तुला वाचता येतं म्हणे."

"वाचता येतं."

"मग ये की. बघ तरी. कोणता स्क्रू कुठला ते सांग, बस."

झेनोन गेला. खोकं उघडलं तसा तो वास आला, जुनं रबर, रॉकेल आणि हिरव्या रंगाचा. रशियन मिग-१७ची पोलंडमध्ये बांधलेली आवृत्ती ती, तिकडे तिला 'लिम' म्हणत. झेनोनने कॉकपिटच्या कडेवरून हात फिरवला आणि न बघता डावीकडची एक खटकी खाली ओढली. थॅकरला एवढं पुरे होतं.

जोडायला दोन वर्षं लागली. परीक्षा घ्यायला सरकारी माणूस आला, पण त्याने असलं विमान जन्मात चालवलेलं नव्हतं, तेव्हा आधी झेनोननेच त्याला सगळं समजावून सांगितलं आणि मग त्याने झेनोनची परीक्षा घेतली. पन्नासाव्या वर्षी, १९९३ च्या उन्हाळ्यात, झेनोन गावलिक पुन्हा जेट वैमानिक झाला. थॅकरने शेपटीवर मोठा लाल तारा रंगवून घेतला. निवेदक भोंग्यातून ओरडायचा, "सावधान! शत्रू आला!" आणि हजारो माणसं हसत हसत 'बूऽऽ' करायची. खाली उतरला की तीच माणसं टोप्यांवर सह्या मागायला रांग लावायची.

"तुम्ही खरंच कम्युनिस्टांचे वैमानिक होता?" एका बाईने विचारलं.

"होतो."

"कोणाला पाडलंत का हो कधी?"

"गोळी एकदाही झाडली नाही," झेनोन म्हणाला. ते खरं होतं.

असं सहा उन्हाळे चाललं. आयोवा, मिनेसोटा, मिशिगन. गावोगावची छोटी विमानतळं, भाजलेली कणसं, मोटेलच्या खोल्या. दानुताला वाटायचं, चला, नवरा माणसांत आला. पण रात्री तो अजून खुर्चीतच झोपायचा. लग्नानंतर चौथ्या वर्षी जी सवय लागली ती लागली. आडवं झालं की घशाशी आंबट येतं, असं सांगायचा. आणि विमानाची देखभाल करणारा मेकॅनिक त्याच्या एका तक्रारीने कंटाळला होता. लिमच्या काचेच्या छतावर मागचं दिसावं म्हणून छोटा आरसा असतो. झेनोन उतरला की म्हणायचा, "त्या आरशावर पिवळा डाग आहे." मेकॅनिक पुसायचा. डाग नसायचाच. पुढल्या वेळी पुन्हा तेच.

१९९९ च्या जुलैत थॅकरने नवी टूम काढली.

नेब्रास्काची व्हर्ना स्ट्राउड नावाची बाई गमतीचा कार्यक्रम करायची. साठीला आलेली, अर्धं आयुष्य मक्यावर फवारणी करण्यात गेलेलं. ॲप्रन घातलेली आजी धावपट्टीवर घुसते, उभं असलेलं बायप्लेन 'पळवते' आणि वेडंवाकडं उडवते, असा तो खेळ. विमान पिवळंधमक, दोन पंखांचं, जुनं फवारणीचं. थॅकर म्हणाला, आजी विमान घेऊन पळतेय आणि मागून शत्रूचं जेट येतंय! जेट तीनदा तिच्या पुढून सपकन जातं, ती दरवेळी निसटते, लोक हसून हसून मरतात!

"चार," झेनोन म्हणाला.

"तीनच, झेन. विनोद तिसऱ्याला होतो. चौथ्याला लोक घड्याळ बघतात."

झेनोनने मान डोलावली. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं.

शुक्रवारी दुपारी हँगरसमोरच्या काँक्रीटवर व्हर्ना आणि तो समोरासमोर उभे राहिले. वैमानिक आदल्या दिवशी जमिनीवरच चालून सगळं ठरवून घेतात. व्हर्ना हात पसरून 'विमान' झाली, झेनोन तिच्याभोवती फिरू लागला.

"हे बघ, तू पुढून जाशील तेव्हा लांबून जा," ती म्हणाली. "तुझ्या मागचा झोत लागला तर माझं हे म्हातारं विमान पानासारखं उलटंपालटं होईल. आवाजात रेडिओ ऐकू आला नाही तर मी असा हात करीन." तिने तळहात जमिनीकडे करून दोन-तीनदा खाली दाबल्यासारखा केला.

झेनोन थांबला.

"पुन्हा कर."

"काय?"

"तो हात. पुन्हा कर."

तिने केला.

"म्हणजे काय?"

"म्हणजे काय म्हणजे? हळू बाबा, हळू. माझ्याच्याने एवढंच होतं, जरा जपून. दुसरं काय असणार?"

"मी खाली उतरतो, असं नाही?"

"उतरायचं असतं तर बोटाने दाखवीन." व्हर्ना त्याच्याकडे निरखून बघू लागली. "झेन, तू बस बघू. अरे, बस आधी."

तो तिथेच काँक्रीटवर बसला. ऊन मी म्हणत होतं. थॅकर लांब आइस्क्रीमच्या गाडीवाल्याशी वाद घालत होता. आणि अठ्ठावीस वर्षांत जे कोणाला सांगितलं नव्हतं ते झेनोनने नेब्रास्काच्या त्या बाईला मोडक्या इंग्रजीत सांगितलं.

१९७१ चा एप्रिल. बाल्टिकच्या काठावरचा तळ. सकाळी हुकूम आला की फवारणीचं एक विमान किनारा सोडून डेन्मार्कच्या बेटाकडे पळतंय, त्याला वळवून आण. गोळी झाडायची नाही. आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं. पाण्यावर दीडशे मीटरवरून ते पिवळं बायप्लेन चाललं होतं, ताशी पावणेदोनशे किलोमीटरने, जेटला त्याच्याजवळ धड रेंगाळताही येईना. झेनोन पहिल्यांदा पुढून गेला, ते वळलं नाही. दुसऱ्यांदा जवळून गेला. तेव्हा बाजूने जाताना वैमानिक दिसला. टोपी नव्हती, केस विस्कटलेले. त्याने तळहात खाली करून दाबला. एकदा, दोनदा, तीनदा. रेडिओवर वरिष्ठ ओरडत होते, "आणखी जवळून जा! घाबरव त्याला!" झेनोन तिसऱ्यांदा गेला, अगदी नाकासमोरून. मग आरशात पाहिलं. पिवळं काहीतरी उलटं झालेलं दिसलं. वळून आला तेव्हा आकाशात काही नव्हतं. पाण्यावर पांढरा फेस होता, तोही हळूहळू विरला.

उतरल्यावर वरिष्ठांनी विचारलं, "काय पाहिलंस?"

त्याने हेल्मेट टेबलावर ठेवलं.

"ढग होते," वरिष्ठ म्हणाले. "तो ढगात शिरला आणि तुला पुन्हा दिसला नाही. लिही."

त्याने लिहिलं. महिन्याभराने बढती मिळाली. चार वर्षांनी हवाईदल सोडून तो फवारणीच्या कंपनीत गेला. का, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. तिथे एका म्हाताऱ्या मेकॅनिकने एकदा पिऊन एक नाव घेतलं होतं, लुदोमिर वोइतास, आणि एका नदीकाठच्या गावाचं नाव, आणि लगेच तोंड मिटलं होतं. झेनोनला एवढंच ठाऊक होतं.

"मला वाटायचं तो म्हणतोय, 'उतरतो, हरलो मी,'" झेनोन म्हणाला. "कधी वाटायचं, शिवी देतोय. कधी वाटायचं, खाली समुद्र आहे, बघ, असं म्हणतोय. हे कधी सुचलंच नाही."

व्हर्ना त्याच्या शेजारी काँक्रीटवर बसली. मग म्हणाली, "हे आणखी कोणाला सांगितलंयस?"

"नाही."

"बायकोला?"

"नाही."

"मग चुकीच्या बाईला सांगितलंस, झेन." ती उठली. पँटची धूळ झटकली. "उद्या माझ्या विमानाच्या पंखाचं कापड फाटलेलं असणार. थॅकरला मी सांगते. तू घरी जा."

ती स्वतः चाकू घेऊन गेली आणि खरंच खालच्या पंखाला हातभर चीर पाडून आली. थॅकरने कपाळाला हात लावला.

शनिवारी झेनोन एकटाच उडाला. व्हर्नाचं पिवळं विमान कुंपणाजवळ उभं होतं. पहिल्या फेरीत ते त्याला डावीकडे दिसलं. दुसऱ्या फेरीतही. मग वर चढताना त्याने आरशात पाहिलं. ते तिथेही होतं, मागे, पंख न हलवता, त्याच्याच वेगाने येत होतं. जमिनीवर उभं असलेलं विमान आरशात कसं येईल हे त्याला कळत होतं, आणि तरी ते येत होतं. तो पुढल्या फेऱ्यांसाठी वळलाच नाही. सरळ उतरला, इंजिन बंद केलं आणि छत उघडून तसाच बसून राहिला. निवेदक म्हणाला, "पळाला रे पळाला, शत्रू पळाला!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दानुता स्वयंपाकघरात बटाटे किसत होती. झेनोन दारातच उभा राहून बोलला. सगळं ऐकेपर्यंत ती किसत राहिली. मग किसणी बाजूला ठेवली.

"मला वाटत होतं बाई आहे," ती म्हणाली.

"कोण बाई?"

"तुझी. इतकी वर्षं मला वाटत होतं, तुझ्या मनात दुसरी कोणीतरी आहे म्हणून तू माझ्याजवळ झोपत नाहीस. सुदानला गेलास तेव्हा मी म्हटलं, गेला तिच्याकडे." तिने हात पुसले. "असती तर बरं झालं असतं रे झेनेक."

त्यानंतर तीन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी तिने टेबलावर कागद आणि पेन ठेवलं.

"त्या गावात चर्च असेल. पाद्र्याला लिही. आणि ह्या वेळी ढग लिहू नकोस."

पत्राला सात महिन्यांनी उत्तर आलं. पाद्र्याचं नव्हतं. अपोलोनिया वोइतास, लुदोमिरची थोरली बहीण, पोस्टातून निवृत्त झालेली. एक पान, रेघांच्या वहीतलं. दानुतानेच मोठ्याने वाचलं.

'तुमचं पत्र फादरांनी मला दिलं. आम्हाला १९७१ साली सांगितलं गेलं की तो परदेशात पळाला आणि आमच्यावर लाज आणली. पुढे कोणी म्हणालं, हवामान. आई वारली तोवर वाट बघत होती की डेन्मार्कहून कार्ड येईल. तुम्ही लिहिता की तुम्ही एक हात पाहिलात. विमानात तिघं होते. त्याची बायको इर्मा, आणि त्यांची किंगा, सहा वर्षांची. पुन्हा पत्र पाठवू नका. सांगायचं असेल तर येऊन तोंडावर सांगा.'

दानुताने कागद खाली ठेवला. झेनोन खिडकीशी गेला. बाहेर बर्फ पडत होतं. तिघं. मागे फवारणीच्या टाकीशेजारी जेमतेम जागा असते, तिथे एक बाई पोरीला घेऊन बसली असेल. त्यांना खिडकीतून काय दिसलं असेल? एवढी वर्षं तो एका माणसाच्या सोबतीने जगत होता. आता ते तीन झाले.

मे महिन्यात नवराबायको पोलंडला गेले. अपोलोनियाने घरी बोलावलं नाही. समुद्रकाठच्या एका गावात, बसथांब्यावर भेटायचं ठरवलं. सत्तरीची, ताठ, करड्या कोटातली बाई. तिने हात पुढे केला नाही.

"चला, लेफ्टनंटसाहेब," ती म्हणाली. "मी ह्या समुद्राकडे तीस वर्षांत आले नव्हते. आज आलेय तर नीट दाखवा."

ते वाळूत उभे राहिले. दानुता चार पावलं मागे थांबली. झेनोनने पहिल्यापासून सांगितलं. अपोलोनिया मध्येच थांबवून विचारायची.

"किती लांब?"

"किनाऱ्यापासून तीसेक किलोमीटर. त्या बाजूला."

"पाणी किती गार असेल?"

झेनोन थांबला.

"खरं सांगा. सगळे म्हणतात, त्यांना काही कळलंच नसेल. मला तसलं ऐकायचं नाही."

"चार-पाच अंश," तो म्हणाला. "आपटल्यावर शुद्धीत असतील तर... काही मिनिटं."

"काही मिनिटं." तिने मान हलवली. "हे आजवर कोणी मला बोललं नव्हतं."

"बाई, मी तुमची क्षमा..."

"ते राहू द्या." तिचा आवाज चढला नाही. "त्यासाठी मी बसचं तिकीट काढलेलं नाही. माझ्या भावाच्या कागदावर अजून 'पळून गेला, ठावठिकाणा माहीत नाही' असं आहे. त्या दोघींच्याही. उद्या माझ्याबरोबर सरकारी वकिलाकडे चला आणि जे इथे बोललात ते तिथे बोलून सही करा. तुमचं काय करायचं ते ते ठरवतील."

त्याने सही केली. एका तरुण वकिलीणबाईने दोन तास जबाब लिहून घेतला. वरिष्ठ केव्हाच वारले होते, हुकुमाचे कागद सापडले नाहीत, आणि दीड वर्षाने प्रकरण मिटवल्याचं पत्र आलं. पण मृत्यूचे तीन दाखले निघाले. अपोलोनियाने आईच्या थडग्याशेजारी दगड बसवला. तिने फोटो पाठवला, मागे काही लिहिलं नव्हतं.

झेनोन पुन्हा जेटमध्ये बसला नाही. थॅकरने अमेरिकन हवाईदलातून निवृत्त झालेला एक माणूस आणला. झेनोनने त्याला दोन महिने कॉकपिट शिकवलं आणि एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगितली, "तुझ्या मागे काय राहतं ते तुला दिसत नाही. धीम्या विमानाच्या पुढून जायचं नाही. कोणी सांगितलं तरी नाही." तो माणूस म्हणायचा, हो सर, हो सर. व्हर्ना नाताळात फोन करायची. हवेच्या, गुडघ्यांच्या गप्पा मारायची, त्या दुपारचं नाव काढायची नाही.

झेनोन खुर्चीतच झोपत राहिला. आता दानुताही बैठकीतल्या कोचावर झोपू लागली, दिवा चालू ठेवून. पहाटे कधी तो दचकून उठला की ती विचारायची, "कोण?" आणि तो सांगायचा, "पोर." किंवा "तिघं." ती उठून पाणी आणून द्यायची.

आणि २००१ च्या एप्रिलपासून अपोलोनियाची कार्डं यायला लागली. वर्षाला एक. मायना नाही, विचारपूस नाही, फक्त एक प्रश्न. ज्या बाईने लिहू नका म्हणून बजावलं होतं तीच आता विचारत होती. पहिल्या वर्षी, 'ऊन कोणत्या बाजूने होतं?' पुढच्या वर्षी, 'विमानाचा रंग ताजा होता की उडालेला?' मग, 'त्याने दाढी केली होती का?' मग, 'तुम्ही वळून आल्यावर किती वेळ घिरट्या घातल्यात?' झेनोन प्रत्येक प्रश्नावर आठ-आठ दिवस बसायचा. आठवत नसेल तर आठवत नाही असंच लिहायचा. दाढीचं त्याला आठवत नव्हतं. घिरट्यांचं आठवत होतं. एकच, आणि तीही पुरी नाही.

मार्च संपत आला की तो जेवायचा कमी आणि पत्रपेटीपर्यंत जायचा जास्त. दानुता म्हणायची, "ही बाई तुला छळतेय."

"छळू दे," तो म्हणायचा. "दुसरं कोण विचारतंय?"

दहावं कार्ड २०१० साली आलं. अक्षर थरथरतं होतं. 'त्या संध्याकाळी तुम्ही काय जेवलात?'

झेनोनने त्या दिवशी लगेच उत्तर लिहायला घेतलं. हे विसरणं शक्यच नव्हतं. पण पेन कागदावर टेकवून तो संध्याकाळपर्यंत बसून राहिला. दानुताने दिवा लावला, त्याच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. त्याने लिहिलं होतं, 'वाटाण्याचं सूप. भूक लागली होती. दोनदा वाढून घेतलं.'

"पाठवणार आहेस हे?"

"तिने विचारलंय."

दुसऱ्या दिवशी त्याने ते पोस्टात टाकलं. पुढल्या एप्रिलात कार्ड आलं नाही. मे महिन्यात पाद्र्याची दोन ओळींची चिठ्ठी आली की अपोलोनियाबाई हिवाळ्यात गेल्या. शेवटचं उत्तर त्यांनी वाचलं होतं का, ते पाद्र्याने लिहिलं नव्हतं, आणि झेनोनने कधी विचारलं नाही.